गप्प पात्राला बोलतं कसं करावं: अभिजात कादंबरीच्या पुनर्कथनाची पद्धत

मराठी वाचकाला पुनर्कथन नवं नाही. कर्णाच्या, द्रौपदीच्या बाजूने सांगितलेलं महाभारत आपल्या घराघरात वाचलं जातं. पण त्या सवयीमुळेच कादंबरीचं पुनर्कथन लिहायला बसणाऱ्याची गफलत होते. महाभारताचे पाठ अनेक, प्रांतोप्रांतीच्या कथा वेगळ्या, त्यामुळे तिथे लेखकाला हातपाय पसरायला मुबलक जागा मिळते. छापील कादंबरीची संहिता एकच असते, आणि वाचक ती उघडून तुमचं वाक्य न् वाक्य ताडून बघू शकतो. म्हणून इथे आधी मोजमाप करावं लागतं. त्या पात्राला मूळ पुस्तकात किती जागा मिळाली, कुठे मिळाली आणि कुणाच्या तोंडून मिळाली, हे नीट मोजल्याशिवाय त्याच्या तोंडी एक शब्दही घालू नये.

खालची पद्धत गोव्यात राहून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आहे. एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे: डॅनियल डिफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो'मधला (१७१९) झुरी नावाचा मुलगा. बेटावरचा क्रूसोचा चाकर फ्रायडे सगळ्यांना आठवतो, झुरी बहुतेकांना आठवत नाही. आणि झुरीला विकत घेणारा माणूस पोर्तुगीज कप्तान आहे, त्यामुळे गोव्यातल्या लेखकाला या पात्राकडे जायला सरळ वाट आहे.

पात्र कसं निवडावं

तीन गोष्टी बघा. पहिली, ते पात्र काढून टाकलं तर कथा कोसळते का? दुसरी, त्याच्याबद्दल मूळ पुस्तकात निदान पाच-सहा ठोस गोष्टी आहेत का: वय, नाव, किंमत, जागा, एखादी कृती? नुसती 'एक नोकर आला' एवढीच नोंद असेल तर तुम्ही पुनर्कथन करत नाही, स्वतंत्र कादंबरी लिहिता. तीही लिहावी, पण मग अभिजात पुस्तकाचा आधार कशाला? तिसरी, त्या पात्राच्या जगातलं काहीतरी तुम्हाला आतून माहीत आहे का? भाषा, समुद्र, देऊळ, दफ्तर, काहीही चालेल.

शार्लट ब्रॉन्टेच्या 'जेन एअर'मधली (१८४७) बर्था मेसन, म्हणजे ज्याच्याशी जेनचं लग्न ठरतं त्याची माळ्यावर कोंडलेली पहिली बायको, या तिन्ही कसोट्यांना उतरते. डोमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांनी १९६६ साली 'वाइड सारगॅसो सी' लिहून तिचं आयुष्य उभं केलं, ते याच बळावर. तिच्यामुळे जेनचं लग्न मोडतं, तिच्यामुळे घर जळतं, आणि तिच्याबद्दलचे तपशील थोडे पण पक्के आहेत.

नोंदवही: चार रकाने

मूळ पुस्तक तीनदा वाचा. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा फक्त त्या पात्राची वाक्यं खुणावत. तिसऱ्यांदा उलट, म्हणजे ते पात्र जिथे असायला हवं होतं पण नाही, त्या जागा शोधत. मग वहीत चार रकाने आखा: प्रसंग, कोण सांगतो, त्याला कसं कळलं (पाहिलं, ऐकलं, की ऐकलेल्याचं ऐकलं), आणि असं सांगण्यात त्याचा फायदा काय. चौथा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात. खरी कादंबरी त्यातूनच निघते.

बर्थाच्या बाबतीत ही वही काय दाखवते बघा. अकराव्या प्रकरणात फक्त हसू ऐकू येतं. पंधराव्यात बिछाना पेटतो. पंचविसाव्यात लग्नाची ओढणी फाटते. सत्ताविसाव्यात नवरा तिची सगळी हकिगत सांगतो, आणि तेव्हा त्याला जेनला थांबवायचं असतं, म्हणजे चौथा रकाना आपोआप भरतो. तिचा मृत्यूही छत्तिसाव्यात खाणावळवाला सांगतो. अख्ख्या पुस्तकात तिचे म्हणून जे शब्द कळतात, ते विसाव्या प्रकरणात जखमी भावाच्या तोंडून: तुझ्या काळजातलं रक्त शोषून काढीन, असं ती म्हणाली. म्हणजे बहिणीचे शब्द भाऊ सांगतो आणि जेन ते आपल्याला सांगते. सव्विसाव्या प्रकरणात लग्नाबद्दलचं भावाचं सहीनिशी निवेदन वाचलं जातं, त्यात तिचं पूर्ण नाव येतं: बर्था अँटोइनेटा मेसन. ऱ्हीस यांच्या नायिकेचं नाव अँटोइनेट आहे. ते त्यांनी हवेतून काढलं नाही, निवेदनातल्या मधल्या नावाला हात घातला. 'बर्था' हे नाव नवऱ्याने लादलं, असं मग त्यांना दाखवता आलं. वहीचं काम असं असतं.

डिफोच्या बाबतीत एक अडचण येईल. मूळ १७१९च्या छापात प्रकरणं नाहीत, पुढच्या प्रकाशकांनी आपापल्या सोयीने पाडली. म्हणून प्रकरणाचा आकडा लिहू नका, प्रसंगाला नाव द्या: 'होडीतली शपथ', 'सिंहाचं कातडं', 'विक्री'.

झुरीची वही

क्रूसो मोरोक्कोतल्या साली बंदराच्या मूर चाच्यांच्या कैदेत असतो. मासेमारीची होडी घेऊन तो पळतो, सोबतच्या एका माणसाला पाण्यात ढकलतो आणि झुरीला म्हणतो: माझ्याशी इमानदार राहिलास तर तुला मोठा माणूस करीन, नाहीतर तुलाही समुद्रात टाकीन. मोहम्मदाची आणि बापाच्या दाढीची शपथ घे. मुलगा हसून शपथ घेतो. हे हसू क्रूसोने पाहिलं आणि त्याचा अर्थही त्यानेच लावला.

पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाणी आणायला जाताना झुरी मोडक्या इंग्रजीत म्हणतो, रानटी माणसं आली तर ती मला खातील, तू निघून जा. मग पोर्तुगीज जहाज भेटतं. जहाजावरचे लोक क्रूसोला पोर्तुगीज, स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये विचारतात, त्याला एकही भाषा येत नाही. शेवटी एक स्कॉटिश खलाशी बोलतो तेव्हा त्याला कळतं.

आता सौदा. होडीसाठी कप्तान ऐंशी नाण्यांची चिठ्ठी लिहून देतो. झुरीसाठी साठ. बिबट्याच्या कातड्याचे वीस डुकाट, सिंहाच्या कातड्याचे चाळीस. क्रूसो थोडा घुटमळतो, कारण ज्याने आपल्याला सुटायला मदत केली त्याचंच स्वातंत्र्य विकायचं आहे. मग कप्तान तोड काढतो: मुलगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी त्याला मुक्त करीन, तसं लिहून देतो. यावर, आणि झुरीने आपण जायला तयार आहोत असं म्हटल्यावर, क्रूसो त्याला देऊन टाकतो.

त्या 'तयार आहोत'पाशी थांबा. तुमची कादंबरी तिथे आहे. वाक्य झुरीच्या शब्दांत नाही, अर्ध्या ओळीत उरकलेलं आहे. कप्तान आणि क्रूसो यांना एकमेकांची भाषा येत नाही, मध्ये स्कॉटिश दुभाषा असणार. मग दहा वर्षांची अट, धर्म बदलायची अट मुलापर्यंत कुठल्या भाषेत पोचली? त्याने नेमकं काय म्हटलं आणि ते किती तोंडांतून गेलं? मूळ संहिता याचं उत्तर देत नाही, पण तुमच्या उत्तराला आडही येत नाही. पुनर्कथनाला अशीच जागा लागते.

दोन नोंदी अजून. ब्राझीलमध्ये मळा काढल्यावर हातांची टंचाई भासते तेव्हा क्रूसोला वाटतं की झुरीला सोडून आपण चूक केली. आणि बेटावरून सुटल्यावर लिस्बनमध्ये तोच कप्तान म्हातारा होऊन पुन्हा भेटतो, मळ्याचा हिशेब प्रामाणिकपणे देतो, क्रूसो त्याला वर्षाला शंभर मोइदोरांचं (पोर्तुगीज सोन्याच्या नाण्यांचं) निवृत्तिवेतन बांधून देतो. त्या भेटीत झुरीचं नावही निघत नाही. तिसऱ्या वाचनात शोधायची रिकामी जागा ती हीच.

काळाचं गणित

वहीनंतर एका कागदावर सालं मांडा. क्रूसो १ सप्टेंबर १६५१ला हल बंदरातून निघतो, आणि बरोबर आठ वर्षांनी, १ सप्टेंबर १६५९ला, ब्राझीलमधून गुलाम आणायच्या सफरीवर. ब्राझीलमध्ये तो जवळजवळ चार वर्षं राहिला. म्हणजे झुरीची विक्री साधारण १६५५ची, आणि दहा वर्षांची मुदत संपते १६६५च्या सुमारास.

झुरीला गोव्यात आणायचं असेल तर इथून मार्ग निघतो. लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजं मार्च-एप्रिलमध्ये सुटत आणि सगळं नीट पार पडलं तर सप्टेंबरच्या आसपास पोचत. डचांनी १६५६ला कोलंबो आणि १६६३ला कोची घेतलं होतं, म्हणजे झुरी येतो तेव्हा इथली सत्ता खचलेली आहे. १६६७मध्ये शिवाजी महाराजांची फौज गोव्याच्या उत्तरेकडच्या बारदेशात शिरली. मराठी लेखकाचा हात इथे शिवशिवणारच. फौज येऊ द्या, तिची धूळ दिसू द्या, पण महाराजांना रंगमंचावर आणू नका. ते आले की वाचक झुरीकडे बघायचा थांबतो, आणि ज्याला बोलतं करायला निघालो तो पुन्हा प्रेक्षक होतो.

असाच दुसरा मोह: क्रूसो बेट सोडतो ती तारीख १९ डिसेंबर १६८६ आहे. गोव्यातल्या कुणालाही १९ डिसेंबर म्हणजे मुक्तिदिन. हा योगायोग आहे, त्याला प्रतीक करू नका.

गणित मोडायचंच असेल तर जाणूनबुजून मोडा. 'जेन एअर'मध्ये एका काव्याचा नवं पुस्तक म्हणून उल्लेख येतो, ते १८०८चं आहे. त्या हिशेबाने बर्थाचं लग्न त्याच्याही आधीचं ठरतं. ऱ्हीस यांनी मात्र गोष्ट गुलामगिरी रद्द झाल्यानंतरच्या, १८३४नंतरच्या जमैकात नेली, कारण मालकांचं उद्ध्वस्त होणं आणि सुटलेल्यांचा राग हाच त्यांचा विषय होता. त्या फरकातून पुस्तकाला काय मिळालं हे सांगता येतं. सांगता येत नसेल तर साल बदलू नये.

घटना तशाच ठेवा, कारणं बदला

मूळ पुस्तकात जे घडलं ते घडू द्या. विक्री होऊ द्या, किंमत साठच राहू द्या. बदलायची ती कारणं, नजर, आणि पडद्याआडचा काळ. ज्याला घटनाच बदलायची असते तो मूळ लेखकाशी वाद घालायच्या ऐवजी वेगळं पुस्तक मनात धरून बसलेला असतो.

शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो, ही तक्रार नेहमी ऐकू येते. उपाय ऱ्हीस यांनी दाखवला आहे: त्या आग लागण्यापूर्वी थांबतात. नायिका मेणबत्ती घेऊन अंधाऱ्या वाटेने निघते, पुस्तक संपतं. पुढचं वाचक स्वतःच्या आठवणीतून भरतो. मूळ पुस्तकातल्या ठळक प्रसंगाच्या एक पाऊल अलीकडे थांबा, किंवा तो प्रसंग होऊन गेल्यावर सुरू करा.

बोलायला लावायचंच की नाही, हेही ठरवायचं असतं. डिफोचा फ्रायडे बोलतो, इतकंच नव्हे तर देव सैतानाला मारून का टाकत नाही असं विचारून क्रूसोला निरुत्तर करतो. जे. एम. कुट्सी यांनी १९८६च्या 'फो'मध्ये उलटं केलं. त्यांच्या फ्रायडेला जीभच नाही, आणि त्याची गोष्ट आपल्या हाती लागावी ही वाचकाची हाव पुस्तकभर अडवून धरली जाते. अल्जिरियाच्या कामेल दाऊद यांनी २०१३च्या कादंबरीत तिसरा मार्ग घेतला: काम्यूच्या १९४२च्या कादंबरीत मारल्या गेलेल्या निनावी अरबाला मूसा हे नाव दिलं, आणि बोलायला लावलं त्याच्या भावाला. तुम्ही झुरीचे पाचशे शब्द तिन्ही पद्धतींनी लिहून बघा: त्याच्या तोंडून, त्याला ओळखणाऱ्याच्या तोंडून, आणि तो अवाक्षर न बोलता. तीन पानं लिहून झाली की निवड बहुधा आपोआप होते.

आवाज

पहिल्या खर्ड्यात हमखास असं काहीतरी उतरतं:

'मी एका अमानुष व्यवस्थेचा बळी होतो. गोऱ्या साम्राज्यवाद्यांनी माझा आवाज, माझी अस्मिता हिरावून घेतली होती.'

१६५५च्या होडीतल्या पोराजवळ यातला एकही शब्द नाही. हे शब्द लेखकाच्या वाचनातून आले आहेत. आता वहीतून लिहून बघू:

'कप्तानाने नाणी दहा-दहाच्या सहा चवडींत लावली. क्रूसो कागदाकडे बघत होता, होडीच्या कागदाकडे. चवडी मी मोजल्या. मग स्कॉट माझ्याकडे वळून काहीतरी बोलला, त्यात दहा हा आकडा मला कळला. मला वाटलं, चवडीत दहा नाणी आहेत असं तो सांगतोय. मी मान हलवली.'

'तयार आहोत' हे वाक्य इथे खोटं ठरवलेलं नाही. मान हललीच. राग कुठेही लिहिलेला नाही, तो वाचकाला येतो. बोजड शब्द काढून टाका आणि त्या जागी हातात धरता येईल अशी वस्तू ठेवा, एवढा एक नियम खर्डाभर लावला तरी पुष्कळ सुधारणा होते.

पात्र संत होऊ लागलं तर लगेच सावध व्हा. सोसलेला माणूस चांगलाच असतो, असं धरून चालणं हाही एक प्रकारचा अपमान आहे. झुरीने होडीवर दुसऱ्या माणसाला समुद्रात पडताना पाहिलं आणि हसून शपथ घेतली. त्या हसण्याची किंमत त्याला कुठेतरी चुकवू द्या. क्रूसोलाही कागदी खलनायक करू नका. ऱ्हीस यांनी पुस्तकाचा मोठा मधला भाग नवऱ्याच्या तोंडी दिला, म्हणून त्याचा क्रूरपणा जास्त झोंबतो.

गोव्यातल्या मराठी लेखकांची जुनी रीत आहे: निवेदन मराठीत, संवाद कोंकणीत. ती इथे फार उपयोगी पडते, पण आवरून वापरा. पानाला दोन-तीन ओळी पुरतात. 'म्हाका खबर ना, बाय' एवढं सिंधुदुर्गापासून नागपूरपर्यंत कळतं. कंसात अर्थ देत बसू नका. अर्थ कळत नसेल तर प्रसंगच अपुरा आहे, तो दुरुस्त करा. झुरीला इथे आल्या आल्या कोंकणी येणार नाही, हेही ध्यानात ठेवा. पहिल्या काही प्रकरणांत त्याला नुसते आवाज ऐकू यावेत.

गोव्यात सामग्री कुठे मिळेल

थेट दफ्तरखान्यात जाऊ नका. सतराव्या शतकातलं पोर्तुगीज हस्ताक्षर सरावाशिवाय वाचता येत नाही आणि माणूस दोन दिवसांत नाद सोडतो. पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथल्या छापील पुस्तकांपासून सुरुवात करा. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८च्या सुमारास गोव्यात होता, जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर गुलाम कसे विकले जात हे त्याने लिहून ठेवलं आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांचं पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचं काम मराठीतच आहे. पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे. एवढं झाल्यावर पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा. लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार 'मान्सून ग्रंथ' या मालिकेत आहे. इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ (मधली चारेक वर्षं सोडून) इथे होतं, पण त्याचं बहुतेक दफ्तर नष्ट झालं, तेव्हा झुरीसारख्या बाटलेल्या माणसाचा खटला सापडेल या आशेवर कथानक बांधू नका.

मिळालेल्या माहितीपैकी फार तर दहावा भाग पुस्तकात जाऊ द्या. उरलेली तुमच्या चुका टाळायला उपयोगी पडते.

नव्याने गप्प झालेले

सगळ्यात जास्त घसरगुंडी इथे होते. एकाला बोलतं करताना दुसरा गप्प होतो. ऱ्हीस यांच्या पुस्तकात दाई ख्रिस्तोफीन नवऱ्याला तोंडावर सुनावते, आणि मग निघून जाते ती परत दिसत नाही. समीक्षक गायत्री स्पिवाक यांनी १९८५मध्ये यावर बोट ठेवलं, आणि ते वाचल्यापासून हा प्रकार टाळण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.

खर्डा पूर्ण झाला की एक यादी करा: तुमच्या पुस्तकात जो जो काम करतो पण ज्याला नाव नाही. झुरीला खोली देणारी बाई, पाणी भरणारी, शेतात वाकलेली कुणबी माणसं, देवळाच्या आवारातली कलावंतीण. गोव्यावर लिहिताना राग सगळा पोर्तुगीजांवर काढून मोकळं होणं फार सोपं आहे. गावच्या जमिनीवर वंशपरंपरेने हक्क असलेले गावकरी आणि जमीनमालक भाटकार आधीपासून होते, दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराची झोपडी कुणाच्या जमिनीवर आहे हा प्रश्नही परक्याने एकट्याने निर्माण केलेला नव्हता. यादीतल्या प्रत्येकाला नाव द्या, आणि निदान एक अशी कृती द्या जिचा नायकाला काहीही उपयोग नाही. ती बाई झुरीला भात वाढते, ही कृती धरायची नाही. ती त्याला न सांगता एक दिवस माहेरी निघून जाते, ही धरायची.

वाचून घेणं आणि हक्क

खर्डा दोघांना द्या: एकाने मूळ कादंबरी वाचलेली असावी, दुसऱ्याने नसावी. न वाचलेला जिथे अडेल तिथे तुम्ही मूळ पुस्तकावर विसंबला आहात. वाचलेला जिथे कंटाळेल तिथे तुम्ही नुसता सारांश लिहिला आहे. तिसरा वाचक पोर्तुगीज जाणणारा मिळाला तर फारच उत्तम, गोव्यात तो अजून मिळतो.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. डिफो आणि ब्रॉन्टे कधीच मोकळे झाले. जीन ऱ्हीस १९७९मध्ये गेल्या, म्हणजे बर्था मेसनवर कुणीही लिहावं, पण ऱ्हीस यांची अँटोइनेट, तिचं घर आणि तिची ख्रिस्तोफीन २०३९ संपेपर्यंत उचलता येणार नाही. कुणब्यांच्या जगावर पोर्तुगीजमध्ये लिहिणारे ऑर्लांदो द कोश्ता २००६मध्ये गेले, त्यांच्या पात्रांना हात लावायचा तर वारसांची लेखी परवानगी हवी. परदेशात पुस्तक काढायचं असेल तर तिथली मुदत वेगळी असू शकते. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो, म्हणून मूळ कादंबरीतली वाक्यं वापरायची झाल्यास आयता मराठी अनुवाद न घेता इंग्रजीवरून स्वतः करा. मूळ इंग्रजी 'क्रूसो' आणि 'जेन एअर' प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. पुस्तकाच्या सुरुवातीला मूळ कादंबरीचं नाव, साल आणि तिच्यातून घेतलेले प्रसंग तीन-चार ओळींत नोंदवा, म्हणजे झुरीची किंमत साठ नाणी होती हे तुम्ही रचलेलं नाही, हे वाचकाला कळेल.